मिशनच्या बाईंना परीक्षा होती, मला नव्हती

जून २००६ मध्ये मी शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. गाव सोलापूर जिल्ह्याच्या अगदी कडेला. शाळेमागचा ओढा ओलांडला की कर्नाटक. शाळा मराठी माध्यमाची, दोनशिक्षकी. मानधन महिना तीन हजार. मी सातारा जिल्ह्यातला, कोरेगावकडचा. तोवर कानडी मी फक्त रेल्वे स्टेशनच्या पाटीवर पाहिली होती.

चौथ्या दिवशीची गोष्ट. पहिलीचा वर्ग, पंधरा-सोळा पोरं. आपल्याशी ओळख व्हावी म्हणून मी त्यांनाच विचारलं होतं, तुमच्यात आकडे कसे म्हणतात? पोरं खुलली. वंदु, यरडु, मूरु, नाकु. मी त्यांच्यामागून म्हणत होतो, ती माझ्या उच्चारांना हसत होती. वर्ग जमला असं मला वाटलं. तेवढ्यात दुसऱ्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "वंदक्क, सर." मी एक बोट वर केलं, म्हणालो, "वंदु! शाबास!" आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. ती पुन्हा म्हणाली, "वंदक्क." पुन्हा टाळ्या. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. दप्तर पोटाशी धरून उभी राहिली आणि तिच्या पायाखालची फरशी ओली झाली.

चौथीतल्या एका मुलीला दोन्ही भाषा येत होत्या. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, तिला एकीला जायचं होतं."

एकीला. मी स्वतः लहानपणी करंगळी वर करून बाईंना हेच विचारत होतो. वंदु म्हणजे एक, वंदक्क म्हणजे एकीला. शब्द तोच, रीतही तीच. फक्त भाषा वेगळी. ती मुलगी पुढे नऊ दिवस शाळेत आली नाही. मी घरी गेलो तर आई दारात उभी राहून काहीतरी सांगत राहिली. ते मला कळलं नाही आणि माझं तिला. हात जोडून परत आलो.

मी मन लावून शिकवत होतो, ती मन लावून सांगत होती, आणि तरीही एका सहा वर्षांच्या लेकराची भर वर्गात अब्रू गेली. मला तिथं पाठवण्याआधी माझं प्रमाणपत्र, गुणपत्रक, जातपडताळणी, वैद्यकीय दाखला सगळं तपासलं गेलं होतं. ज्यांना शिकवणार त्यांचं बोलणं तुला कळतं का, हा प्रश्न एकाही कागदावर नव्हता.

पुढे सोलापूर शहरात राहायला आलो आणि इथल्या अमेरिकन मिशनच्या शाळांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा एका गोष्टीनं मला बसल्या जागी खिळवून ठेवलं. अमेरिकेतून इथं शिकवायला येणाऱ्या तरुण मुलींना आल्या आल्या वर्ग मिळत नसे. आधी मराठी शिकावी लागे. घरी पंडित यायचा, रोज तास व्हायचे, पहिल्या वर्षाची परीक्षा, मग दुसऱ्या वर्षाची. पुढच्या काळात उन्हाळ्यात महाबळेश्वरला त्यांच्यासाठी मराठीचे वर्ग भरत. परीक्षा पार पडल्याशिवाय कामाची पूर्ण जबाबदारी अंगावर पडत नसे. सातासमुद्रापलीकडून आलेल्या बाईसाठी जी व्यवस्था होती, ती कोरेगावहून आलेल्या माझ्यासाठी नव्हती. कोरेगाव आणि ते गाव एकाच राज्यात आहेत, म्हणून ते माझ्यासाठी परकं नाही असं गृहीत धरलं गेलं. त्या पहिलीच्या वर्गात मी परदेशातच होतो.

याच मिशनच्या सिंथिया फरार यांचं नाव सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रात येतं आणि आपण एका ओळीत ते ओलांडून पुढे जातो. १७९५ चा जन्म, अमेरिकेतलं न्यू हॅम्पशायर. १८२७ मध्ये ही बाई मुंबईला उतरली. वय ३२. लग्न न झालेली बाई एकटी परदेशी पाठवणं तिला पाठवणाऱ्यांनाही नवीन होतं. काम काय, तर मुलींना शिकवणं. आणि तेही अशा मुलखात, जिथं मुलगी शिकली तर विधवा होते असं घराघरांत बोललं जायचं. १८३९ पासून ती अहमदनगरला होती. तिथली तिची शाळा १८४८ मध्ये जोतीरावांनी पाहिली आणि पुण्याला येऊन मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले त्यात फरारबाईंची शाळा होती. मधे एकदा ती मायदेशी जाऊन आली आणि १८६२ मध्ये अहमदनगरलाच वारली.

ती इथं कशी रुळली असेल याचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर ऊन, ताप, तिखट जेवण येतं. ते होतंच. पण शिक्षक म्हणून मला वाटतं, तिचा खरा घाम मराठीच्या क्रियापदांपुढे निघाला असणार. 'मी जाते' आणि 'मी जातो' यात तिच्या भाषेत फरक नाही. 'मला भूक लागली' हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं असेल तेव्हा कोण कुणाला लागलं याचा उलगडा व्हायला तिला किती वेळ गेला असेल! बत्तिसाव्या वर्षी, स्वतःच्या देशात शिकलीसवरलेली बाई इथं येऊन लहान मुलासारखी चुका करते, पंडित दुरुस्त करतो, ती पुन्हा म्हणते. शिकणाऱ्याच्या जागी बसण्याचा हा अनुभव शिकवणाऱ्याला दुसऱ्या कुठल्याच मार्गानं मिळत नाही. ज्यानं प्रौढपणी नवी भाषा अडखळत शिकली, तो अडखळणाऱ्या पोरावर हात उगारायला कचरतो. हे मी स्वतःवरून सांगतो.

सोलापुरात या मिशनची मुलींची शाळा होती, वोरोनोको. नाव ऐकून पोरं आजही हसतात. हे नाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्ड भागातलं, तिथल्या मूळच्या आदिवासींच्या भाषेतलं. त्यांची भूमी गेली, नाव उरलं आणि ते फिरत फिरत आमच्या सोलापुरात येऊन एका मुलींच्या शाळेला लागलं. मला हे नाव घेताना नेहमी थोडं थांबावंसं वाटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेरी हार्डिंग यांनी इथं बालवर्ग आणि त्यासाठी शिक्षिका तयार करण्याचं काम चालवलं. बालवर्ग म्हणजे गाणी, गोष्टी, खेळ. त्यात पाठ्यपुस्तकामागे लपता येत नाही. तीन-चार वर्षांच्या पोराशी त्याच्या बोलीतच बोलावं लागतं.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही मिशनऱ्यांचं कौतुक कशाला करताय? ते शिकले ते धर्म सांगायला. बरोबर आहे. मी वारकरी घरातला, दर आषाढीला पंढरपूरला जाणारा. आपल्या देवांना अंधार म्हणणाऱ्या माणसांची आरती मी ओवाळणार नाही. बंगल्यात राहणं, उन्हाळ्यात थंड हवेला निघून जाणं, 'या लोकांना आपण सुधारायला आलो' ही भावना, हे सगळं त्यांच्यात होतं.

आणि सोलापूरला तर त्याहून जड गोष्ट माहीत आहे. सेटलमेंट. आज ते नुसतं एका वस्तीचं नाव वाटतं, रिक्षावाला 'सेटलमेंट, सेटलमेंट' म्हणून ओरडतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. कापड गिरण्यांना मजूर लागत होते, तेही यातून मिळायचे. काही काळ या सेटलमेंटचा कारभार सरकारच्या वतीनं अमेरिकन मिशनकडे होता. आत शाळाही होती. म्हणजे शिकवणारा बाराखडी गिरवून घ्यायचा आणि शाळा सुटल्यावर पोर कुंपणाच्या आतच राहायचं. हा कायदा देशभरात रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ती माणसं स्वतःला विमुक्त म्हणतात. पोराची भाषा शिकलात पण त्याच्या गळ्याभोवतीची तार तोडली नाहीत, तर ते शिकवणं अर्धंच राहतं. हे मी विसरत नाही आणि कुणी विसरूही नये.

पण मग हिशेब असा मांडू या. त्यांच्या हेतूशी आपलं पटत नाही, त्यांच्या सत्तेशी पटत नाही. त्यांनी धर्म पोचवण्यासाठी दोन वर्षं भाषा शिकण्यात घालवली. आपण बेरीज-वजाबाकी, अक्षरं आणि संविधान पोचवायला निघालोय. आपल्या कामाला त्याहून कमी तयारी पुरते का?

सोलापूर हे एका भाषेचं गाव कधीच नव्हतं. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचनं कानडीत आहेत. संक्रांतीला त्यांच्या गड्डा जत्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा गर्दीत कान देऊन उभं राहा, चार भाषा ऐकू येतील. पूर्व भागात यंत्रमागावर चादर-टॉवेल विणणारी पद्मशाली घरं तेलुगू बोलतात. त्यांच्या बायका उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळतात, आणि शेजारी बसून अभ्यास करणारं पोर शाळेत मराठी, घरात तेलुगू आणि गल्लीत दख्खनी बोलतं. पारध्यांची बोली गुजरातीला जवळची, कैकाड्यांची तमिळला. पंढरीच्या विठ्ठलाला आपले संत कानडा म्हणाले, ते काही उगाच नाही. आणि मराठी म्हणावी तर तीही आमची वेगळी. "काय करलालास बे?" असं पोरानं विचारलं की पुण्याहून आलेला मास्तर दचकतो आणि पहिल्याच दिवशी त्याची भाषा 'सुधारायला' घेतो. ते पोर त्यानंतर आठवडाभर तोंड उघडत नाही.

महापालिकेच्या शाळा चार-चार माध्यमांत चालवणारं हे शहर. सीमेवरच्या तालुक्यांत कानडी माध्यमाच्या शाळा आहेत, त्या असायलाच हव्यात. पण मी बोलतोय ते मराठी शाळेत येणाऱ्या कानडी, तेलुगू, पारधी पोरांबद्दल. आईबापांनी विचार करून मराठी शाळा निवडली आहे. पोराला मराठी यायला हवी, ही त्यांची इच्छा आहे आणि माझीही आहे. मराठीवर माझं पोट आहे आणि प्रेमही. म्हणूनच सांगतो, वर्गात पहिल्या दिवशी "मराठीत बोल" म्हणून दटावल्यानं मराठी येत नाही, गप्प बसणं येतं. मान हलवणं येतं. "समजलं का?" म्हटलं की सगळा वर्ग "होऽऽ" म्हणतो. त्या होकाराच्या भरवशावर दुसरी, तिसरी, चौथी निघून जातात आणि पाचवीत कुणीतरी चाचणी घेतं तेव्हा पोराला परिच्छेद वाचता येत नाही. मग दोष पोराचा, नाहीतर अडाणी आईबापाचा.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. अल्पसंख्य भाषा बोलणाऱ्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, हे राज्यघटनेच्या कलम ३५०अ मध्ये १९५६ पासून आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शक्य तिथं मातृभाषा म्हटलं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला. कागद भरपूर झाले. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी असावी की नसावी यावर महाराष्ट्र पेटला आणि अखेर सरकारनं ते निर्णय मागे घेतले. त्या सगळ्या गदारोळात पोराला कुठली भाषा शिकवायची हे सगळ्यांनी विचारलं. पोर कुठली भाषा घेऊन येतं आणि ती त्याच्या मास्तरला येते का, हे मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

महाराष्ट्रात नेमणूक झालेल्या परप्रांतीय आयएएस अधिकाऱ्याला मराठी शिकावी लागते, तिची परीक्षा द्यावी लागते. का? तर त्याला लोकांचं म्हणणं समजलं पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यापुढे येणारा माणूस तरी मोठा असतो, बरोबर चार शहाणे आणू शकतो, अर्ज लिहून घेऊ शकतो. सहा वर्षांच्या पोरीनं अर्ज कुणाकडून लिहून घ्यायचा?

माझं म्हणणं मोठ्या खर्चाचं नाही. नवा शिक्षक ज्या गावात जाणार तिथल्या मुलांची घरची भाषा मराठी नसेल, तर त्याला आधी दोन महिने ती भाषा शिकायला द्या, पगारी. सोलापूर जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था वेळापूरला आहे, म्हणजे जिल्ह्याच्या पश्चिमेला, मराठी मुलखात. हे शिक्षण तिथल्या सभागृहात न होता त्या त्या गावात व्हावं. मिशनरी बाईंना पंडित होता, तसा आपल्या शिक्षकाला गावातलाच माणूस मिळावा आणि त्याला त्याचं मानधन मिळावं. अंगणवाडीच्या सेविका आहेत, बचत गटातल्या बाया आहेत, चौथी शिकून घरी बसलेल्या सुना आहेत. त्यांच्या बोलण्याला सरकारनं आजवर एक रुपया मोजलेला नाही. आणि शेवटी परीक्षा. लेखी नको. गावातल्या चार आया आणि चार पोरं समोर बसवा. नवा मास्तर त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलू दे. पोरं हसली तरी चालेल, त्यांना कळलं पाहिजे.

बदल्यांचा मुद्दा माझे शिक्षक मित्र लगेच काढतात. आज इथं कानडी शिकलो, उद्या आंतरजिल्हा बदलीनं गावी गेलो, मग त्या कानडीचं काय करू? मी त्यांना दोष देत नाही. घर लांब, म्हातारे आईवडील गावाकडे, बायको तिसऱ्या जिल्ह्यात. दिवस मोजणारा शिक्षक वाईट नसतो, थकलेला असतो. फरारबाईंसारखं कुणी आयुष्य वाहावं अशी अपेक्षा मी ठेवत नाही. पण जो मुलांची भाषा शिकला त्याचा भाषाभत्ता सुरू करा, त्याला बदलीत गुण द्या, तो तिथं टिकावा असं काहीतरी करा. आणि पाचच वर्षं राहिला तरी त्या पाच वर्षांत पहिलीला बसलेल्या पोरांचं पुढे काय होतं, ते मोजा.

सोलापूरला हे परक्यांच्या उदाहरणावरून शिकवण्याची खरं तर गरजच नाही. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९१० मध्ये या गावात जन्मलेला मुलगा १९३८ मध्ये, २८ व्या वर्षी, युद्धानं होरपळलेल्या चीनला पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला. तिथली भाषा शिकला. तिथल्या तरुणांना शस्त्रक्रिया शिकवल्या. तिथल्याच मुलीशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथंच गेला. जयंतीला हार घालताना भाषणांत त्याच्या त्यागाबद्दल आणि मैत्रीबद्दल बोललं जातं. मला नेहमी वाटतं, त्याच्या आयुष्यातल्या पहिल्या काही महिन्यांबद्दल कुणीतरी बोलावं. जखमी सैनिक कण्हत काहीतरी सांगतोय आणि सोलापूरच्या या पोराला ते कळत नाही, तो शेजारच्याला विचारतो, शब्द टिपून ठेवतो, उद्या तोच शब्द पुन्हा म्हणून पाहतो. हे असंच घडलं असणार, दुसऱ्या रीतीनं भाषा येतच नाही. डॉक्टरकी त्याची मुंबईत झाली होती, पण चीनमधला डॉक्टर तो या दिवसांत झाला.

माझी कानडी कुठल्या प्रशिक्षणातून आली नाही. शाळेत खिचडी शिजवायला एक बाई यायच्या, साठीच्या. सगळे त्यांना अव्वा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्या मुलीचा प्रकार झाल्यानंतर मी शंभर पानी वही घेऊन स्वयंपाकखोलीत जाऊन बसलो. अव्वांना मराठी जेमतेम यायची. तांदूळ निवडता निवडता त्यांनी मला शिकवलं. इल्ली बा, म्हणजे इकडे ये. तिळीतेन, म्हणजे समजलं का. अंजब्याड, म्हणजे भिऊ नको. हा शब्द मी दिवसातून वीस वेळा वापरायचो. घरोघरी गेल्यावर "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारलं की दार पूर्ण उघडायचं. दहाव्या दिवशी ती मुलगी आली. आईनं तिला माझ्यासमोर आणून सोडलं आणि मी पाठ केलेलं एकच वाक्य म्हणालो. चुकीचं म्हणालो असणार, कारण आई हसली. मुलगी हसली नाही, पण जाऊन आपल्या जागेवर बसली.

त्या वर्गातून पुढे किती जण दहावी झाले, याचा मी अभिमानानं हिशेब मांडू शकतो, पण ते माझं काम होतं. अव्वांचं नाव कुठल्याही अहवालात नाही. त्यांना खिचडीचं मानधन मिळायचं, तेही कधी तीन-तीन महिने उशिरा. माझ्या शिक्षकपणाची दोन वर्षं त्यांनी घडवली, त्याचं काहीच मिळालं नाही.

मागच्या जूनमध्ये त्याच शाळेवर एक नवा मुलगा रुजू झाला, बीडकडचा, वय २४. कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून त्यानं फोन केला. म्हणाला, "सर, पोरं छान आहेत, पण काय बोलतात काही कळत नाही." मी ती वही पोस्टानं पाठवली. आठवड्यानं त्याचा पुन्हा फोन आला. काही शब्दांचे उच्चार त्याला लागत नव्हते. मी म्हटलं, मला विचारू नकोस, माझेही कच्चेच आहेत. अव्वा आता थकल्यात, पण शाळेच्या समोरच राहतात. संध्याकाळी जा, वही घेऊन जा. त्यानं विचारलं, "आधी कुठला शब्द पक्का करू?" मी म्हणालो, पहिल्या पानावरचा पहिला.